थेंबथेंब येणारं उत्तर आणि अर्ध्यावर गप्प बसलेला सर्व्हर: टाइमआउटच्या चाचण्या कशा बांधल्या

खानापूर तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रांवर सकाळची वेळ घाईची असते. कॅन उतरतो, नमुना फॅट मशिनला लागतो, लिटर-फॅट-एसएनएफ संगणकात जातं, पावती निघते आणि त्याच दमात ती नोंद बेळगावातल्या सर्व्हरकडे रवाना होते. ही नोंद नेणारा भाग म्हणजे एक एचटीटीपी क्लायंट, वेबच्या पद्धतीने सर्व्हरला विनंती पाठवून उत्तर घेणारा प्रोग्राम. टिळकवाडीत फायबरवर बसून तो तपासला तर सगळं हिरवं दिसतं. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, भर पावसात, एका काडीच्या रेंजवर तोच क्लायंट चालतो तेव्हा केंद्रावरून फोन येतो तो असा: "सर, ते नुस्तं फिरायलंय बघा, थांबेना झालंय."

"फिरायलंय" याचा अर्थ बरंच काही असू शकतो. सर्व्हरपर्यंत जोडणीच झाली नसेल. जोडणी झाली, पण उत्तर सुरूच झालं नसेल. उत्तर अर्ध्यावर येऊन गप्प बसलं असेल. किंवा उत्तर येतंय, पण इतकं संथ की संपायचं नाव नाही. शेवटच्या दोन प्रकारांना दोन वेगळी घड्याळं (टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याच्या मुदती) लागतात, आणि क्लायंटच्या चाचण्यांमध्ये नेमकी हीच दोन एकमेकांत मिसळलेली दिसतात. ती वेगळी आहेत हे चाचणीनेच सिद्ध व्हावं, यासाठी आम्ही काय केलं त्याचा हा तपशील.

आयडल टाइमआउट शांतता मोजतो. शेवटचा बाइट आल्यापासून किती वेळ काहीच आलं नाही, एवढंच त्याला ठाऊक. एक बाइट आला की तो पुन्हा शून्यावर. रिक्वेस्ट टाइमआउट विनंती निघाल्यापासून चालू होतो आणि मध्ये काहीही आलं तरी थांबत नाही. ज्या घरात नळाला ठरावीक वेळच पाणी येतं तिथे हे लगेच कळेल: धार चालू आहे का हे बघणं वेगळं, आणि पाणी जायच्या आत घागर भरेल का हे बघणं वेगळं.

झोपणाऱ्या सर्व्हरची चाचणी का पुरत नाही

सगळीकडे सापडणारी चाचणी अशी असते: सर्व्हर विनंती घेतो, दहा सेकंद झोपतो, मग २००, म्हणजे 'सगळं ठीक', असं उत्तर पाठवतो. क्लायंटचा टाइमआउट दोन सेकंद. अपवाद (प्रोग्रामने दिलेली त्रुटी) आला, चाचणी पास. पण त्या दोन सेकंदांत एकही बाइट आलेला नाही, म्हणजे शांतताही दोन सेकंदांची आणि एकूण वेळही दोनच सेकंदांचा. कोणतं घड्याळ वाजलं हे या चाचणीतून कळूच शकत नाही. उद्या कुणी लायब्ररी बदलली आणि नव्या लायब्ररीत 'टाइमआउट' नावाचं सेटिंग दुसऱ्याच घड्याळाचं निघालं, तरी चाचणी हिरवीच राहणार.

आणि असं निघतंच. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत टाइमआउट म्हणजे जोडणीची मुदत आणि दोन वाचनांमधली शांतता. संपूर्ण उत्तर उतरवायला तिथे मर्यादाच नाही, आणि काहीच दिलं नाही तर क्लायंट थांबून राहतो तो राहतोच. गो भाषेच्या क्लायंटमधला टाइमआउट एकूण वेळेचा: जोडणी, रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर वळवणं) आणि बॉडी (उत्तराचा मुख्य मजकूर) वाचणं असं सगळं धरून, आणि उत्तर हातात आल्यावरही बॉडी वाचून होईपर्यंत तो चालू असतो. अँड्रॉइडवर चालणाऱ्या ओकेएचटीटीपी लायब्ररीमध्ये जोडणी, वाचन आणि लेखन यांना मुळात प्रत्येकी १० सेकंद असतात, पण एकूण मर्यादा, म्हणजे कॉल टाइमआउट, मुळात शून्य, अर्थात बंद. डॉटनेटच्या एचटीटीपीक्लायंटला एकूण १०० सेकंद मिळतात. मात्र हेडर (उत्तराच्या सुरुवातीची माहिती) आले की लगेच उत्तर हातात द्या, असं सांगितलं तर घड्याळ हेडरपाशी थांबतं आणि पुढची बॉडी मोकळी सुटते. जावास्क्रिप्टच्या नोडमध्ये रिक्वेस्टवरचा टाइमआउट शांतता मोजतो आणि वेळ भरली की नुसती इव्हेंट देतो. सॉकेट (जोडणीचं आपल्याकडचं टोक) आपण स्वतः मोडलं नाही तर विनंती तशीच लटकून राहते.

आमच्या केंद्रांवर संगणकात पायथन आहे आणि फिरत्या संकलनाच्या फोनमध्ये ओकेएचटीटीपी. मूळ सेटिंगवर सोडलं तर दोन्हींना एकूण मर्यादा नाही.

चाचणीचा सर्व्हर

यासाठी वेब फ्रेमवर्क वापरू नये, साधं सॉकेट उघडून हाताने बाइट लिहावेत. फ्रेमवर्क बऱ्याचदा बफर (तात्पुरता साठा) भरल्याशिवाय काही बाहेर सोडत नाही, आणि आपल्याला तर कोणता बाइट कोणत्या क्षणी तारेवर गेला हेच ठरवायचं असतं. पायथनमध्ये हे काम साठ-सत्तर ओळींत होतं. टीसीपी-नोडिले हे सॉकेटचं सेटिंग चालू ठेवावं, नाहीतर छोटे तुकडे जमवून पाठवणाऱ्या नेगल अल्गोरिदममुळे ते एकत्र होतात आणि वेळा थोड्या सरकतात.

चाचणीपुरत्या मुदती आम्ही अशा धरल्या: जोडणी १ सेकंद, आयडल २ सेकंद, एकूण ६ सेकंद. एकूण मुदत आयडलच्या किमान तिप्पट असावी, म्हणजे कोणतं घड्याळ वाजलं हे नुसत्या वेळेवरून ओळखता येतं. त्यावर चार प्रसंग उभे केले.

पहिला प्रसंग मौनाचा. सर्व्हर विनंती वाचतो आणि काहीच बोलत नाही. २ सेकंदांनी वाचनाचा टाइमआउट यायला हवा. वर म्हटलेली झोपेची चाचणी ती हीच. तिला ठेवायचं, पण तिच्यावर विसंबायचं नाही.

दुसरा प्रसंग अर्ध्यावर गप्प होण्याचा. सर्व्हर दीड सेकंद थांबतो, मग हेडर आणि बॉडीचे पहिले १,००० बाइट पाठवतो. जाहीर केलेली लांबी ४,०००. त्यानंतर शांतता. अपवाद ३.५ सेकंदांना यायला हवा, कारण दीड सेकंदाला घड्याळ पुन्हा शून्यावर गेलं. २ सेकंदांना आला तर घड्याळ पुन्हा सुरू होतच नाही, म्हणजे आयडल म्हणून लावलेलं सेटिंग आयडल नाहीच. ६ सेकंदांना आला तर आयडल लागूच नाही, एकूण मुदतीने वाचवलं. सुरुवातीचा तो दीड सेकंदाचा थांबा काढून टाकला तर ही चाचणी अर्धी आंधळी होते, म्हणून तो मुद्दाम ठेवावा.

तिसरा प्रसंग थेंबांचा. हेडर लगेच, मग दर अर्ध्या सेकंदाला एकच बाइट, असे ६० बाइट. शांतता कधीही अर्ध्या सेकंदाच्या वर जात नाही, त्यामुळे आयडल वाजता कामा नये. ६ सेकंदांना एकूण मुदत संपून विनंती तुटली पाहिजे. तीस सेकंदांनी यशस्वी उत्तर आलं तर एकूण मर्यादा नाही हे सिद्ध झालं.

चौथा प्रसंग संथ पण सरळ. हेडर लगेच, मग १.२ सेकंदांच्या अंतराने चार तुकडे, ४.८ सेकंदांत उत्तर पूर्ण. इथे क्लायंटने काहीही न तोडता उत्तर घेतलं पाहिजे. टाइमआउटच्या चाचण्या लिहिताना लोक फक्त तुटण्याच्या चाचण्या लिहितात आणि ही गाळतात. आमच्या दृष्टीने चारांत हीच सर्वांत मोलाची. कणकुंबीचं केंद्र पावसाळ्यात नेमकं असंच चालतं, आणि उतावळा क्लायंट तिथे चांगली चाललेली विनंती मोडून पुन्हा पहिल्यापासून पाठवतो. आधीच अरुंद असलेल्या वाटेवर तेवढाच भार वाढतो.

थेंबांच्या प्रसंगाने पायथनच्या बाजूचा एक खोल दोष उघडा पडतो. रिक्वेस्ट्समध्ये एकूण मर्यादा नसल्याने नेहमीचा उपाय असा सुचवला जातो: उत्तर स्ट्रीम म्हणून घ्या, ८,१९२ बाइटांच्या तुकड्यांनी वाचा आणि प्रत्येक तुकड्यानंतर घड्याळ तपासा. वाचायला बरोबर वाटतं. पण लांबी जाहीर केलेल्या उत्तरात खालची वाचनाची क्रिया ८,१९२ बाइट पूर्ण होईपर्यंत किंवा उत्तर संपेपर्यंत परत येतच नाही. आत प्रत्येक थेंबाला आयडल घड्याळ शून्यावर जातं आणि आपली तपासणीची ओळ चालायची पाळीच येत नाही. साठ बाइटांचं उत्तर तीस सेकंद घेतं आणि यशस्वी म्हणून परततं. तोच सर्व्हर चंक्ड पद्धतीने (एकूण लांबी न सांगता, तुकड्यातुकड्यांनी) पाठवत असेल तर तुकडा आल्याआल्या हातात पडतो आणि तपासणी चालते. म्हणून थेंबांचा प्रसंग दोन्ही रूपांत घ्यावा, लांबी जाहीर करून आणि चंक्ड.

तपासणी चालली तरी ती पुढचा बाइट आल्यावरच चालते, म्हणजे एकूण मुदत आयडलच्या मुदतीइतकी लांबू शकते: ६ ची ८ सेकंद. हे चालणार असेल तर ठीक. आम्हाला नको होतं, म्हणून संगणकावरचा क्लायंट पायथनच्याच एआयओएचटीटीपी या लायब्ररीवर नेला. तिथे एकूण मुदत आणि सॉकेट वाचनाची मुदत ही दोन वेगळी सेटिंग आहेत, आणि एकूण मुदत मुळातच ५ मिनिटांची लावलेली असते. फोनवर ओकेएचटीटीपीला कॉल टाइमआउट दिला की काम झालं. तो रीडायरेक्ट आणि आतले पुनर्प्रयत्न धरून मोजतो.

दोन लिप्या आणि बाइटांचा हिशेब

आमच्या पावत्यांवर गावाचं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये असतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, कन्नडचंही तीनच. 'निपाणी' हा शब्द न, वेलांटी, प, काना, ण, वेलांटी अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट.

चाचणीच्या सर्व्हरने लांबीच्या हेडरमध्ये मजकुराची लांबी चिन्हांत मोजून ६ लिहिली, तर क्लायंट सहा बाइट वाचतो, 'नि' एवढंच घेतो आणि उत्तर पूर्ण झालं असं समजतो. कुठेही त्रुटी नाही. उलट लांबी एकाने जास्त लिहिली, समजा शेवटची नवी ओळ मोजली पण पाठवली नाही, तर सगळा मजकूर येऊनही क्लायंट त्या एका बाइटची वाट बघत बसतो आणि आयडल टाइमआउट येतो. जाळं दोषी वाटतं, दोष मात्र बेरजेत असतो. आयडल टाइमआउट दिसला की आधी आलेले बाइट आणि जाहीर लांबी शेजारी ठेवून बघावी. फरक एक-दोन बाइटांचा असेल तर टॉवरकडे बोट दाखवू नये.

एकेक बाइट सोडणारा सर्व्हर आणखी एक गोष्ट उघड करतो. आलेला प्रत्येक तुकडा तिथल्या तिथे मजकुरात बदलणारा कोड अक्षराच्या मधोमध तुटतो, कारण तीनातला पहिलाच बाइट हातात असतो. इंग्रजी मजकुरावर चालवलेल्या चाचण्यांत हे कधीच दिसत नाही. म्हणून थेंबांच्या प्रसंगातला मजकूर देवनागरी आणि कन्नडच ठेवावा, आणि क्लायंटमध्ये अपुरे बाइट धरून ठेवणारा टप्प्याटप्प्याचा डीकोडर वापरावा.

जोडणीची मुदत

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. सर्व्हरने पोर्ट ऐकायला उघडलं, पण जोडणी स्वीकारणारी ओळ चालवलीच नाही, तर जोडणीचा टाइमआउट येईल असं वाटतं. येत नाही. टीसीपीचं हस्तांदोलन (जोडणी जुळवणारे पहिले संदेश) कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतः उरकतं आणि जोडणी रांगेत ठेवतं. क्लायंटच्या दृष्टीने जोडणी झाली, आणि मग मुदत संपते ती वाचनाची. सर्व्हरची प्रक्रिया स्टॉप सिग्नलने गोठवली तरी तेच: कर्नल पोचपावत्या देत राहतं, टीसीपीच्या पातळीवर सगळं जिवंत दिसतं, आणि फक्त आयडल घड्याळच हे पकडू शकतं.

जोडणीची मुदत खरोखर तपासायची तर पाकिटं गिळावी लागतात. आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये त्या पोर्टवर ड्रॉप नियम लावावा. रिजेक्ट लावू नये. त्याने क्लायंटला तत्काळ नकार कळतो आणि चाचणी वेगळ्याच गोष्टीची होते. रूटचे (प्रशासकाचे) अधिकार नसतील तर लिनक्सवर ऐकण्याची रांग शून्य ठेवायची आणि काहीच स्वीकारायचं नाही. एक-दोन जोडण्यांनी रांग भरते आणि पुढच्यांच्या हाकेला उत्तर मिळत नाही. कागदपत्रांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेले १९२.०.२.० पासूनचे पत्तेही लोक यासाठी वापरतात, पण काही राउटर त्यांना लगेच 'मार्ग नाही' म्हणतात, त्यामुळे निकाल जागेनुसार बदलतो. आम्ही ते टाळलं.

मुदत किती ठेवावी याचं उत्तर पुनर्प्रेषणाच्या वेळापत्रकात आहे. लिनक्समध्ये जोडणीची पहिली हाक गेल्यावर नेहमीच्या पद्धतीत पुढच्या हाका १, ३, ७, १५ सेकंदांना जातात, आणि मूळच्या सहा पुनर्प्रयत्नांनंतर साधारण १२७ सेकंदांनी कर्नल हार मानतं. नव्या कर्नलमध्ये पहिले काही प्रयत्न एकेका सेकंदाने होतात. मुदत बरोबर ३ सेकंद ठेवली तर तिसरी हाक जाते आणि उत्तराची वाट न बघता आपणच दार लावतो. आम्ही ८ सेकंद ठेवले.

सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधण्याचा वेळ यात धरला जातो का, हेही तपासावं. पायथनच्या साध्या सॉकेटवर चालणाऱ्या लायब्ररींत तो जोडणीच्या मुदतीत येत नाही. ग्लिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीचा मूळ हिशेब प्रत्येक नेमसर्व्हरला ५ सेकंद आणि दोन प्रयत्न असा आहे. उत्तर न देणारा नेमसर्व्हर लावून बघितलं की 'एक सेकंदाची' जोडणी दहा सेकंद अडकलेली दिसते. शिवाय सर्व्हरच्या नावाला दोन पत्ते असतील, एक आयपीव्ही-४ आणि एक आयपीव्ही-६, तर मुदत प्रत्येक पत्त्याला वेगळी लागते आणि वेळ दुप्पट होतो.

दुसरी आयडल मुदत: दोन विनंत्यांच्या मधली

'आयडल' याच नावाखाली आणखी एक मुदत वावरते आणि तिचा वरच्या आयडलशी संबंध नाही. विनंती पूर्ण झाल्यावर जोडणी पुढच्या विनंतीसाठी उघडी ठेवली जाते. ती रिकामी किती वेळ ठेवायची, ही ती मुदत. नोडचा सर्व्हर मुळात ५ सेकंद ठेवतो, अपाची ५, एंजिनएक्स ७५, ॲमेझॉनचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर ६०. गोचा क्लायंट आपल्या बाजूने ९० सेकंद धरून ठेवतो.

क्लायंट सर्व्हरपेक्षा जास्त वेळ धरून बसला की शर्यत लागते. सर्व्हर जोडणी बंद करतो, ते पाकीट वाटेत असतं, आणि त्याच क्षणी क्लायंट त्याच जोडणीवर नवी नोंद टाकतो. समोरून रीसेट, म्हणजे जोडणी तोडल्याचा संदेश. केंद्रावर दोन कॅनांमधलं अंतर बऱ्याचदा पाच सेकंदांच्या आसपास असतं, त्यामुळे पाच सेकंदांच्या सर्व्हरशी ही गाठ वारंवार पडते. नियम एकच: क्लायंटची रिकामी मुदत सर्व्हरच्या मुदतीपेक्षा स्पष्टपणे कमी. चाचणीत सर्व्हरची मुदत १ सेकंद करायची आणि क्लायंटने ०.९ ते १.१ सेकंदांच्या अंतराने शेकडो विनंत्या पाठवायच्या. एकही त्रुटी वरपर्यंत येता कामा नये.

सीमेवरच्या गावांत याला आणखी एक पदर आहे. फोन कधी शेजारच्या राज्याच्या टॉवरला लागतो. तसं होताना त्याचा आयपी पत्ता बदलला तर जुनी जोडणी दोन्ही टोकांना उघडी दिसते, पण मध्ये काहीच उरलेलं नसतं. मोबाइल कंपनीच्या नॅटमध्ये (अनेक फोनांना एकच पत्ता वाटून देणाऱ्या यंत्रणेत) नोंद पुसली गेली तरी तसंच. टीसीपीचं स्वतःचं कीपअलाइव्ह यावर उपाय नाही, कारण लिनक्समध्ये ते मुळात दोन तास शांततेनंतर सुरू होतं. पाठवलेल्या डेटाला पोच आली नाही तरी कर्नल मूळ सेटिंगवर पंधरा मिनिटांच्या वर पुनर्प्रेषण करत राहतं. यासाठी चाचणी अशी: एक विनंती पूर्ण करायची, त्या जोडणीची पाकिटं दोन्ही बाजूंनी ड्रॉप करायची, नव्या जोडण्या मात्र मोकळ्या ठेवायच्या, आणि दुसरी विनंती पाठवायची. ती आयडल मुदतीत तुटून नव्या जोडणीवर गेली पाहिजे.

तुटल्यानंतर काय

टाइमआउट म्हणजे सर्व्हरने काम केलं नाही असं नव्हे. नोंद डेटाबेसमध्ये लागली आणि उत्तर वाटेत हरवलं, हे अगदी नेहमीचं. क्लायंटने सरळ पुन्हा पाठवलं तर एका कॅनचे पैसे दोनदा लागतात, आणि बिलाच्या दिवशी त्याचं उत्तर केंद्रचालकाला द्यावं लागतं. पोस्ट विनंती (सर्व्हरवर नवं काही नोंदवणारी) क्लायंटने सहसा आपणहून पुन्हा पाठवू नये, हे एचटीटीपीच्या २०२२ च्या मानकात, आरएफसी ९११० मध्ये, स्पष्ट आहे. गोची लायब्ररी वापरलेल्या जोडणीवर चूक आली तर गेट, हेड अशा विनंत्या आपणहून पुन्हा पाठवते. पोस्टच्या वाट्याला जात नाही, मात्र आयडेम्पोटन्सी-की हा हेडर दिला तर तीही पाठवते.

आमच्या नोंदीला केंद्राचा संकेतांक, तारीख, सकाळ-संध्याकाळ आणि अनुक्रमांक मिळून एक किल्ली असते, आणि डेटाबेसमध्ये ती अद्वितीय आहे. चाचणीत सर्व्हर नोंद लावतो आणि मग गप्प बसतो. क्लायंट २ सेकंदांनी तुटतो, तीच किल्ली घेऊन पुन्हा येतो. शेवटी ओळ एकच हवी, आणि दुसऱ्या खेपेचं उत्तर पहिल्यासारखंच हवं.

तुटलेली जोडणी परत उघड्या जोडण्यांच्या साठ्यात जाता कामा नये, हे वेगळं तपासावं लागतं. सर्व्हरला पहिलं उत्तर ३ सेकंदांनी, क्लायंट तुटून गेल्यावर, त्याच सॉकेटवर लिहायला लावायचं आणि लगेच दुसरी विनंती करायची. दुसऱ्या विनंतीच्या हातात पहिलीचं उत्तर पडलं तर एका शेतकऱ्याची फॅट दुसऱ्याच्या पावतीवर छापली जाईल. आम्ही तपासलेल्या लायब्ररी यात पास झाल्या, तरी ही चाचणी काढलेली नाही. साठा स्वतः सांभाळणारा कोड कुणी कधी लिहील सांगता येत नाही.

मधला प्रॉक्सी

क्लायंट थेट चाचणी-सर्व्हरशी बोलतो तेव्हा थेंब थेंबासारखेच येतात. मध्ये एंजिनएक्स हा प्रॉक्सी (विनंत्या आणि उत्तरं पुढे नेणारा मधला सर्व्हर) आला की चित्र पालटतं. तो मुळात बफर भरून पाठवतो, त्यामुळे मूळ सर्व्हर दर अर्ध्या सेकंदाला बाइट सोडत असला तरी क्लायंटला शांतताच दिसू शकते आणि आयडल वाजतो. एंजिनएक्सचा स्वतःचा प्रॉक्सी-रीड-टाइमआउट ६० सेकंदांचा, आणि तोही दोन वाचनांमधल्या अंतराचाच आहे, पूर्ण उत्तराचा नाही. म्हणून मूळ सर्व्हर थेंब सोडत असेल तर एंजिनएक्स ५०४ (मुदत संपल्याची त्रुटी) कधीच देणार नाही. चारही प्रसंग एकदा थेट आणि एकदा प्रत्यक्ष वापरातल्या प्रॉक्सीमधून चालवावेत. जिथे बफर नको तिथे उत्तरात एक्स-ॲक्सेल-बफरिंग हा हेडर 'नो' करून पाठवता येतो.

हाताने झटपट तपासायला कर्ल हा कमांड-लाइन प्रोग्राम पुरतो. मॅक्स-टाइम म्हणजे एकूण मुदत, कनेक्ट-टाइमआउट म्हणजे जोडणी. आयडलसाठी थेट पर्याय नाही, पण स्पीड-लिमिट १ आणि स्पीड-टाइम २० दिलं की वीस सेकंद सेकंदाला एका बाइटपेक्षा कमी वेग राहिला तर तो सोडतो. तिन्ही वेळा बाहेर पडण्याचा संकेतांक २८ च असतो, त्यामुळे त्रुटीचा मजकूर वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. मोठी फाइल उतरवताना हा किमान वेगाचा नियम आम्हाला आयडलपेक्षा सरस वाटतो. वेगाची मर्यादा थेंबांच्या वेगाहून जास्त ठेवली की थेंबांना तो लवकर ओळखतो आणि संथ पण सरळ उत्तराला त्रास देत नाही.

खऱ्या मुदती आणि चाचणीची सवलत

एकूण मुदत अंदाजाने ठेवू नये, भागाकार करावा. आमचं सर्वांत मोठं उत्तर म्हणजे महिन्याचा उतारा, सुमारे ६०० किलोबाइट. वाईट दिवशीचा वेग सेकंदाला ८ किलोबाइट धरला तर ७५ सेकंद. वर थोडी सवलत देऊन त्या विनंतीला १२० सेकंद. एका नोंदीचं उत्तर एक किलोबाइटचंही नसतं, म्हणून तिला ३० सेकंद पुष्कळ झाले. एकच एकूण मुदत सगळ्या विनंत्यांना लावली की एक तर उतारा तुटतो, नाहीतर नोंद उगीच दोन मिनिटं अडकते. आयडल मात्र दोन्हींना सारखा, २० सेकंद: ओळीने तीन पाकिटं हरवली तर पुनर्प्रेषणाची अंतरं दुप्पट होत होत सात-आठ सेकंदांची शांतता सहज होते, त्यात टॉवर बदलण्याचा वेळ वेगळा. पाच सेकंदांचा आयडल अशा ठिकाणी चांगल्या विनंत्याच मारतो.

चाचणीतल्या वेळा तपासताना खालची बाजू कडक आणि वरची सैल ठेवावी. ६ सेकंदांची मुदत ५.९ ला वाजली तर नापास; ७.५ पर्यंत उशीर झाला तर चालेल, कारण चाचण्या चालवणारं यंत्र कधी दुसऱ्या कामात गुंतलेलं असतं. वेळ मोनोटॉनिक (फक्त पुढेच जाणाऱ्या) घड्याळानेच मोजावी; भिंतीवरचं घड्याळ एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेने) मध्येच मागेपुढे केलं की चाचणी कारण नसताना लाल होते. आणि नुसता 'अपवाद आला' हे तपासू नये, कोणत्या प्रकारचा आला हे तपासावं, नाहीतर सर्व्हरच सुरू झाला नव्हता तरी चाचणी पास.

क्लायंटच्या लॉगमध्ये आता प्रत्येक टाइमआउटला पाच गोष्टी पडतात: कोणतं घड्याळ वाजलं, विनंती निघून किती वेळ झाला, शेवटचा बाइट येऊन किती वेळ झाला, किती बाइट आले, किती यायचे होते. केंद्राच्या पडद्यावरही दोन वेगळे संदेश येतात. जोडणीच झाली नाही तर "नेट नाही, नोंद इथे जपून ठेवली आहे". वाचनाची किंवा एकूण मुदत संपली तर "नोंद पोचली का ते तपासत आहे, पुन्हा भरू नका".